कुंपण आणि शेत : प्रतिद्रव्यांच्या इतिहासांतील एक प्रकरण

बदलापूरच्या स्टेशनावरून सकाळीं मुंबईकडे जी गर्दी निघते, तींत कचेरीला जाणाऱ्या मंडळींबरोबर एखादें तरी असें कुटुंब असतें कीं, ज्याच्या हातांत तपासण्यांच्या कागदांची जाड पिशवी असते. बेलवली, कुळगांव, अंबरनाथ या बाजूचे हे लोक दादरला उतरतात आणि परळच्या टाटा मेमोरियल इस्पितळाची वाट धरतात. त्यांच्यापैकीं कांहींच्या कागदांवर 'लिम्फोमा' हा शब्द लिहिलेला असतो. मानेंत, काखेंत किंवा जांघेंत गांठ आली. ती दुखत नव्हती म्हणून दोनचार महिने तिच्याकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं. आणि पुढें तिचा तुकडा काढून तपासतां तो लसीकाग्रंथींचा कर्करोग निघाला, अशी हकीकत बहुधा ऐकूं येते.

या रोगांतील एक गोष्ट घरच्या माणसांना विशेष कोड्यांत टाकते. औषधानें गांठी विरघळूं लागलेल्या असतात, डॉक्टर समाधान दाखवीत असतात, आणि नेमक्या अशा वेळीं रोग्याला न्यूमोनिया होतो, अंगावर नागीण उठते, किंवा तो एकाएकीं पांढराफटक पडून चार पायऱ्या चढतांना धापा टाकूं लागतो. मग घरांत बोलणें सुरू होतें कीं, पथ्य चुकलें असेल, औषध उष्ण पडलें असेल, भेटीला आलेल्या कोणाची दृष्ट लागली असेल. आज मला श्रोत्यांना सांगावयाचें आहे तें हें कीं, या संकटांचें एक मूळ आपल्याच रक्तांतील रक्षक द्रव्यांत, म्हणजे ज्यांना अँटीबॉडी म्हणतात त्या प्रतिद्रव्यांत, असूं शकतें. कुंपणानें शेत खावें तसा हा प्रकार आहे. वैद्यकाला तो मान्य करावयास जवळजवळ अर्धें शतक लागलें. पुरावा नव्हता म्हणून हा उशीर झाला असें नाहीं. पुरावा होता, तो मानावयास मन तयार नव्हतें.

हा इतिहास पाहावयास परळपासूनच निघालें तरी चालतें. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेगचा आजार ओळखला, आणि पुढल्याच महिन्यांत डॉ. वाल्डेमार हाफकिन मुंबईस येऊन दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजांत मिळालेल्या अपुऱ्या जागेंत या गृहस्थांनीं मांसाच्या रस्स्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांत प्लेगचे जंतु वाढविले, ते उष्णतेनें मारून त्यांची लस केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ सालीं त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत आली. तीच आजची हाफकिन संस्था.

कल्याणहून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ सालीं सुरू झाला होता व तो बदलापूरवरूनच जातो. प्लेगच्या त्या दिवसांत लोहमार्गांवर ठिकठिकाणीं उतारूंना खालीं उतरवून डॉक्टर त्यांच्या काखा आणि जांघा चाचपून पाहत. या तपासणीनें लोक किती चिडले, आणि पुण्यांत त्या चिडीचा स्फोट कसा झाला, तें सर्वश्रुत आहे. डॉक्टरांचीं बोटें तेव्हां जी गांठ शोधीत होतीं तीच आपल्या आजच्या विषयाच्या मध्यभागीं आहे. पायांत कांटा रुतून जखम चिघळली कीं जांघेंत अवधाण येतें, हें आपल्या आजीबाईंनाहि ठाऊक होतें. हें अवधाण म्हणजे सुजलेली लसीकाग्रंथि. बाहेरून शिरलेल्या जंतूला अडविण्याची ती चौकी आहे. प्लेगांत ती चौकीच पडते म्हणून गांठ येते. परंतु चौकींतील शिपायांचें हत्यार काय, हें हाफकिन यांच्या काळीं कोणालाहि डोळ्यांनीं दिसलेलें नव्हतें.

त्या हत्याराची पहिली चाहूल मात्र १८९० च्या डिसेंबरांतच बर्लिनमध्यें लागली होती. एमिल बेरिंग आणि त्यांचे जपानी सहकारी शिबासाबुरो कितासातो यांनीं सशांना धनुर्वाताविरुद्ध तयार केलें, आणि त्या सशांच्या रक्तावरचा निवळ भाग, म्हणजे रक्तरस, उंदरांना टोचला. उंदीर धनुर्वातापासून वांचले. एका प्राण्यानें कमावलेली प्रतिकारशक्ति दुसऱ्याला अशी देतां येते, याचा अर्थ ती रक्तांत विरघळलेल्या कोणत्यातरी द्रव्यांत आहे. त्यालाच पुढें प्रतिद्रव्य हें नांव मिळालें. सर्पदंशावरील औषध याच तत्त्वानें घोड्यांच्या रक्तरसापासून करतात, आणि त्यासाठीं हाफकिनचें नांव महाराष्ट्रांत खेडोपाडीं ठाऊक आहे.

आतां एक अडचणीचा प्रश्न आला. जें द्रव्य परक्या जंतूला व परक्या विषाला ओळखून मारतें तें आपल्याच शरीरावर कां उलटत नाहीं? पॉल एर्लिख आणि त्यांचे सहकारी मॉर्गनरोथ यांनीं १९०० च्या सुमारास शेळ्यांवर प्रयोग केले. एका शेळीला दुसऱ्या शेळ्यांचें रक्त टोचलें असतां तिच्या शरीरांत त्या दुसऱ्यांच्या तांबड्या पेशी फोडणारीं प्रतिद्रव्यें झालीं. पण तीं तिच्या स्वतःच्या पेशींना शिवलीं नाहींत. यावरून एर्लिख यांनीं लॅटिन भाषेंत एक भारदस्त सूत्र घडविलें : 'हॉरर ऑटोटॉक्सिकस', म्हणजे स्वतःलाच विष होण्याविषयीं शरीराला असलेली उपजत धास्ती. एर्लिख स्वतः सावध होते. अशीं प्रतिद्रव्यें होऊंच शकत नाहींत असें त्यांचें म्हणणें नव्हतें. शरीरापाशीं त्यांना आवरण्याची कांहींतरी व्यवस्था असली पाहिजे, एवढाच त्यांचा आशय होता. परंतु अनुयायी गुरूपेक्षां नेहमींच अधिक कट्टर असतात. सूत्राचें पाठांतर झालें आणि त्यांतील 'व्यवस्था' हा शब्द गळून 'अशक्य' एवढाच शब्द उरला.

आणि गंमत अशी कीं, याच्या उलट पुरावा अवघ्या तीनचार वर्षांत पुढें आला. व्हिएन्नामध्यें ज्युलियस डोनाथ आणि कार्ल लँडस्टायनर (मनुष्याच्या रक्ताचे गट शोधून काढणारे तेच हे) यांनीं १९०४ सालीं एका विलक्षण आजाराचा उलगडा केला. कांहीं माणसें कडाक्याच्या थंडींतून घरीं आलीं कीं त्यांना तांबडी लघवी होई. या दोघांनीं अशा रोग्याचें रक्त परीक्षानळींत घेऊन बर्फांत गार केलें आणि मग त्याला शरीराइतकी ऊब दिली. रक्त फुटलें. थंडींत रोग्याचें स्वतःचें प्रतिद्रव्य त्याच्याच तांबड्या पेशींना चिकटत होतें आणि ऊब मिळतांच त्या पेशी फुटत होत्या. यापेक्षां उघड पुरावा तो कोणता असावयाचा! तरी पुढलीं चाळीस वर्षें या आजाराची गणना एक विचित्र अपवाद म्हणूनच झाली.

गांठींच्या रोगाची कथा तोंवर वेगळ्याच वाटेनें चालली होती. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलांतील टॉमस हॉजकिन यांनीं १८३२ सालीं, ग्रंथि व पानथरी वाढून मेलेल्या सात रोग्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याकडे फारसें कोणीं पाहिलें नाहीं. १८६५ सालीं सॅम्युएल विल्क्स यांनीं मोठ्या मनानें या रोगाला हॉजकिन यांचें नांव दिलें, आणि पुढल्याच वर्षीं हॉजकिन यात्रेंत असतां जाफा येथें वारले. १९०२ सालीं बाल्टिमोर येथील डोरोथी रीड या तरुण डॉक्टरबाईंनीं या रोगांतील राक्षसी पेशींचें नेमकें वर्णन केलें आणि त्याबरोबर एक नोंदहि केली : क्षयाच्या परीक्षेसाठीं ट्यूबरक्युलिन टोचलें असतां या रोग्यांत प्रतिक्रिया उमटत नाहीं. म्हणजे हा रोग केवळ गांठीचा नव्हे. त्यांत शरीराची राखणच ढिली पडते. रीडबाईंना जी ढिलाई दिसली ती प्रतिद्रव्यांची नसून रक्षक पेशींच्या दुसऱ्या शाखेची होती, हें फार उशिरां उमगलें.

वास्तविक प्रतिद्रव्यें बनवितें तरी कोण, हेंच १९४८ पर्यंत धड ठाऊक नव्हतें. त्या वर्षीं स्वीडनमध्यें ॲस्ट्रिड फाग्रेउस या विदुषींनीं प्लाझ्मा नांवाच्या पेशींकडे बोट दाखविलें. १९५६ सालीं अमेरिकेंतील ब्रूस ग्लिक यांना असें आढळलें कीं, कोंबडीच्या शेपटाजवळची 'बर्सा' नांवाची थैली पिलूपणींच कापून काढली तर ती कोंबडी प्रतिद्रव्यें बनवूं शकत नाहीं. हा निबंध एका नामांकित शास्त्रीय साप्ताहिकानें साभार परत केला, तेव्हां तो कुक्कुटशास्त्राच्या मासिकांत छापावा लागला. आज ज्यांना 'बी-पेशी' म्हणतात त्यांतील 'बी' हें अक्षर त्या नाकारलेल्या निबंधांतल्या कोंबडीच्या थैलीचें आहे! मनुष्याला ती थैली नसते. त्याच्या बी-पेशी अस्थिमज्जेंत जन्मतात, लसीकाग्रंथींत येऊन वाढतात आणि तेथें पक्व होऊन प्रतिद्रव्यें गाळूं लागतात. आणि लिम्फोमांपैकीं बहुसंख्य या बी-पेशींचेच असतात.

दोन्ही कथांची गांठ येथें पडते. जी पेशी प्रतिद्रव्यें घडविते तीच कर्करोगानें माजली आहे. निरोगी शरीरांत लक्षावधि तऱ्हांच्या बी-पेशी असतात, प्रत्येक तऱ्हेचें प्रतिद्रव्य निराळें, आणि त्यामुळें कोणताहि नवा जंतु आला तरी त्याला ओळखणारें कोणी ना कोणी निघतें. लिम्फोमांत एकाच तऱ्हेच्या पेशीची संतति बेसुमार वाढून जागा अडविते. ती प्रतिद्रव्य बनवीत नाहीं, किंवा बनविलें तर एकाच सांच्याचें, जवळजवळ निरुपयोगी. बाकीच्यांची पीछेहाट होते. प्रतिद्रव्यें नसतील तर मनुष्याचें काय होतें, तें १९५२ सालीं अमेरिकन डॉक्टर ऑग्डेन ब्रूटन यांनीं एका आठ वर्षांच्या मुलावरून दाखवून दिलें होतें. त्या मुलाला न्यूमोनियाच्या जंतूंची बाधा पुनःपुन्हा होत होती. त्याच्या रक्तांत प्रतिद्रव्यांचा भागच नव्हता. दुसऱ्यांच्या रक्तापासून काढलेलें तें द्रव्य टोचून दिल्यावर मुलगा सुधारला. लिम्फोमाच्या पुष्कळ रोग्यांत हीच उणीव सौम्य प्रमाणांत असते. म्हणून आपल्याला तीन दिवसांत बरा होणारा खोकला त्यांच्या छातींत उतरतो.

हें झालें कुंपण मोडण्याविषयीं. तें शेत कसें खातें, तें कळावयास महायुद्धाच्या काळांतली एक युक्ति कारण झाली. केंब्रिजचे रॉबिन कूम्ब्ज यांना ही युक्ति लंडनहून परततांना, युद्धामुळें दिवे मंद केलेल्या आगगाडींत सुचली असें सांगतात. तांबड्या पेशींवर प्रतिद्रव्य चिकटलेलें असलें तरी पुष्कळदां डोळ्यांना कांहींच दिसत नाहीं. पेशींच्या गुठळ्या होत नाहींत. कूम्ब्ज यांनीं विचार केला कीं, मनुष्याचें प्रतिद्रव्य हें सशाच्या दृष्टीनें परकें द्रव्यच आहे. तें सशाला टोचलें तर ससा त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्य बनवील. मग सशाचा तो रक्तरस रोग्याच्या धुतलेल्या तांबड्या पेशींत मिसळला तर प्रतिद्रव्य चिकटलेल्या दोन पेशींमध्यें तो पुलासारखा पडेल आणि गुठळ्या दिसूं लागतील. कूम्ब्ज, मूरंट आणि रेस यांनीं ही परीक्षा १९४५ सालीं प्रसिद्ध केली. आज कोणत्याहि रक्तपेढींत ती होते. १९४६ सालीं बूर्मन, डॉड आणि लाउटिट यांनीं ती रक्त फुटून होणाऱ्या कावीळीच्या रोग्यांना लावली. ज्यांना ही कावीळ जन्मापासून होती त्यांच्या पेशी स्वच्छ निघाल्या. ज्यांना ती मागाहून जडली होती त्यांच्या पेशींवर स्वतःचेंच प्रतिद्रव्य चिकटलेलें होतें. एर्लिख यांच्या सूत्राचा अनुयायांनीं केलेला अर्थ येथें कोसळला, आणि व्हिएन्नाचा तो 'अपवाद' नियमांत आला.

यानंतर डॉक्टर मंडळी अशा रोग्यांची पाठ काढूं लागली, तेव्हां दिसून आलें कीं त्यांतील कित्येकांच्या पोटांत वा छातींत लिम्फोमा, किंवा त्याचाच चुलतभाऊ असा लसीकापेशींचा रक्तकर्करोग, दडलेला आहे. कधीं रक्त आधीं फुटूं लागतें आणि गांठ मागाहून सांपडते. घडतें तें असें : पेशींच्या झुंडशाहींत, चुकीच्या दिशेच्या बी-पेशींना आवरणारी जी व्यवस्था एर्लिख यांनीं कल्पिली होती, तीच सैल होते. मग स्वतःच्या तांबड्या पेशींवर खुणेचें प्रतिद्रव्य बसतें, आणि रक्त गाळणारी पानथरी अशा खूण केलेल्या पेशींना परके समजून गिळते. रोगी पांढरा पडतो, डोळे पिवळसर दिसतात, लघवी गडद होते, पानथरी हाताला लागते. खूण रक्तबिंबिकांवर, म्हणजे प्लेटलेटवर बसली तर अंगावर तांबडे ठिपके उठतात. ती जंतूंशीं लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवरच बसली तर राखणदारांनींच राखणदार मारल्यासारखें होतें, आणि ताप येतो. कांहीं रोग्यांत हें प्रतिद्रव्य थंडींतच चिकटणाऱ्या जातीचें असतें. त्यांचीं बोटें, नाक, कानाच्या पाळ्या गारठ्यांत निळ्या पडतात. बेलवलीची जानेवारींतील पहाट मुंबईपेक्षां बरीच गार असते. अशा रोग्याला पहांटेच्या गाडीनें नेतांना हातमोजे व कानटोपी ही चैन नसून औषधाचाच भाग आहे.

या आजारावर स्टिरॉइड देतात. त्यानें प्रतिद्रव्यांचा मारा थांबतो, पण उरलीसुरली राखणहि आणखी दबते. रक्त भरावें तर रक्तपेढींतील माणसाला घाम फुटतो, कारण रोग्याचें प्रतिद्रव्य सर्वांच्याच तांबड्या पेशींना चिकटत असल्यामुळें कोणतीच बाटली जुळत नाहीं. येथें परळचा एक उल्लेख करणें अवश्य आहे. डॉ. वाय्. एम्. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५२ सालीं 'लॅन्सेट'मध्यें एका नव्या रक्तगुणाची हकीकत प्रसिद्ध केली. या माणसांच्या रक्तांत असें जन्मजात प्रतिद्रव्य असतें कीं, त्यांना 'ओ' गटाचें रक्तसुद्धां चालत नाहीं. जगभर त्याला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. डॉ. एच्. एम्. भाटिया हे त्या लेखाच्या कर्त्यांपैकीं एक. पुढें याच शास्त्राला वाहिलेली जी राष्ट्रीय संस्था के. ई. एम्. इस्पितळाच्या आवारांत उभी राहिली तिच्याशीं त्यांचें नांव कायमचें जोडलेलें आहे. न जुळणाऱ्या रक्ताचीं कोडीं तेथें सोडविलीं जातात.

तेथून हांकेच्या अंतरावर टाटा मेमोरियल इस्पितळ आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. त्यांचे पती सर दोराबजी पुढल्या वर्षीं गेले. आणि त्यांच्या विश्वस्तनिधींतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं हें इस्पितळ उघडलें. गांठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवून रोगाचें नांव सांगणाऱ्या शास्त्राची बैठक येथें डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं घातली. परळच्या या टापूंत लस, रक्तगट आणि कर्करोग या तीन विद्यांचीं घरें एकमेकांच्या शेजारीं आहेत. एकाच द्रव्याच्या तीन बाजू तेथें तिघांनीं हाताळल्या, पण एकमेकांच्या अंगणांत डोकावण्याचा प्रसंग फार उशिरां आला.

तो प्रसंग आणला केंब्रिज येथील जॉर्ज कोलर आणि सीझर मिलस्टाइन यांनीं. त्यांनीं १९७५ सालीं प्रतिद्रव्य बनविणारी पेशी आणि अमर्याद वाढणारी कर्करोगी पेशी यांचा संयोग घडवून, एकाच सांच्याचें प्रतिद्रव्य वाटेल तितकें काढण्याची रीत सांपडविली. १९८४ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. मग बी-पेशींच्या पृष्ठभागावरील एका खुणेला जाऊन चिकटणारें 'रिटुक्सिमॅब' हें प्रतिद्रव्य तयार झालें व नोव्हेंबर १९९७ मध्यें अमेरिकेंत त्याला लिम्फोमासाठीं परवानगी मिळाली. २००७ सालीं हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीनें त्याच जातीचें औषध भारतांत काढलें व तें अनेकांच्या आवाक्यांत आलें. या औषधानें असंख्य रोग्यांचे प्राण वांचले आहेत, याविषयीं कोणी शंका बाळगूं नये. पुढें मी जें सांगणार आहें त्यामुळें कोणीं तें टाळावें असेंहि मुळींच नाहीं.

परंतु रिटुक्सिमॅबला कर्करोगी बी-पेशी आणि निरोगी बी-पेशी यांतला भेद कळत नाहीं. खूण दिसली कीं तें मारतें. एका उपचारानंतर सहा ते नऊ महिने, कधीं त्याहून अधिक काळ, रक्तांत बी-पेशी जवळजवळ सांपडत नाहींत. जुनीं प्रतिद्रव्यें कांहीं काळ पुरतात. ज्यांच्यांत तीं आधींच कमी होतीं त्यांच्यांत तीं आणखी घसरतात. पूर्वीं केव्हांतरी होऊन गेलेला हिपॅटायटिस 'बी'चा विषाणु यकृतांत निजलेला असतो. राखण उठली कीं तोहि उठतो, आणि ती कावीळ जीवघेणी ठरूं शकते. म्हणून पहिल्या बाटलीपूर्वीं या विषाणूची तपासणी करतात. ती कां, असा प्रश्न घरच्यांना पडतो, त्याचें उत्तर हें आहे. २०२० व २०२१ च्या कोविडच्या साथींत, हें औषध नुकतेंच घेतलेल्या पुष्कळांना लस टोचूनहि प्रतिद्रव्यें झालीं नाहींत, आणि कित्येकांचें दुखणें आठवडेच्या आठवडे रेंगाळलें. उपचार चालू असलेल्या अशा रोग्याचा ताप १००.४ अंशांवर गेला तर घरचा काढा करून सकाळची वाट पाहणें धोक्याचें असतें. त्याच रात्रीं इस्पितळ गांठावें लागतें. परळपासून दूर राहणाऱ्या कुटुंबानें जवळचें कोणतें इस्पितळ रात्रीं उघडें असतें तें आधींच विचारून ठेवलेलें बरें.

त्याच साथीनें प्रतिद्रव्यांची आणखी एक करामत उघडकीस आणली. विषाणु शिरला कीं पेशी एकमेकींना सावध करण्यासाठीं इंटरफेरॉन नांवाचें द्रव्य सोडतात. त्याला दवंडीच म्हणा. ऑक्टोबर २०२० मध्यें 'सायन्स' साप्ताहिकांत प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत, कोविडनें अत्यवस्थ झालेल्या ९८७ रोग्यांपैकीं १०१ जणांच्या रक्तांत या दवंडीचाच आवाज बंद पाडणारीं प्रतिद्रव्यें आढळलीं. ज्यांना आजार सौम्य झाला अशा ६६३ जणांत एकाहि ठिकाणीं नाहीं. यापूर्वीं २०१२ सालीं थायलंड व तैवान येथील प्रौढ रोग्यांतहि असाच प्रकार दिसला होता : क्षयाच्या जंतूंच्या भाऊबंदांनीं ज्यांचें सर्व शरीर व्यापलें होतें, अशा बहुतेकांत दुसऱ्या एका जातीच्या इंटरफेरॉनविरुद्ध प्रतिद्रव्यें होतीं. म्हणजे प्रतिद्रव्यें उणीं असल्यानेंच राखण दुबळी होते असें नाहीं. भलत्या जागीं चिकटणारें एकच प्रतिद्रव्यहि ती दुबळी करूं शकतें.

लिम्फोमांत या विचाराला विशेष धार येते. भलत्या दिशेचें प्रतिद्रव्य निपजण्यास जी गडबड लागते, ती येथें घरचीच आहे. याचा एक उघडा दाखला पूर्वींपासून ग्रंथांत आहे : कांहीं रोग्यांचे ओठ, जीभ, घसा एकाएकीं सुजतात, कारण 'कॉम्प्लिमेंट' नांवाच्या रक्षक रसायनाला लगाम घालणारें जें द्रव्य असतें त्यालाच रोग्याचीं प्रतिद्रव्यें निकामी करतात, आणि लिम्फोमावर उपचार झाला कीं ती सूजहि पुष्कळदां थांबते. जंतुबाधेच्या बाबतींतहि कांहीं रोग्यांत असेंच घडत असावें, हा आजच्या संशोधकांचा कयास आहे. मला तो पटण्यासारखा वाटतो. मात्र 'असावें' या शब्दाला येथें पूर्ण वजन द्यावें. एर्लिख यांच्या अनुयायांनीं एक शब्द गाळला तेव्हां काय झालें तें आपण पाहिलेंच आहे.

उपचाराचें अगदीं अलीकडचें पाऊलहि आपल्याच प्रदेशांत पडलें आहे. रोग्याच्याच टी-पेशी काढून त्यांना, प्रतिद्रव्याच्या टोंकासारखें टोंक जोडून, परत शरीरांत सोडण्याची रीत पवईच्या आय्. आय्. टी. आणि टाटा मेमोरियल यांनीं मिळून सिद्ध केली. २०२१ सालीं खारघर येथील टाटांच्या केंद्रांत ती प्रथम रोग्याला देण्यांत आली. ऑक्टोबर २०२३ मध्यें सरकारची परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजीं राष्ट्रपति द्रौपदी मुर्मू यांच्या हस्तें 'नेक्सकार-१९' या नांवानें ती राष्ट्राला अर्पण झाली. इतर औषधें थकल्यावरहि या पेशी कांहीं रोग्यांत लिम्फोमा पुसून टाकतात. आणि बहुधा त्याबरोबर निरोगी बी-पेशीहि पुसल्या जातात.

अशा रोग्यांपैकीं ज्यांचीं प्रतिद्रव्यें फार घटतात आणि ज्यांना वारंवार जंतुबाधा होते, त्यांना शिरेंतून इम्युनोग्लोब्युलिन देतात. ब्रूटन यांनीं त्या मुलाला दिलें होतें तेंच हें द्रव्य, आतां अधिक शुद्ध केलेलें. तें कृत्रिम रीतीनें बनत नाहीं. निदान एक हजार रक्तदात्यांचा रक्तरस एकत्र करून त्यांतून तें काढतात, म्हणजे त्या हजार जणांनीं आपापल्या गोंवर-कांजिण्यांशीं आणि सर्दी-तापांशीं झुंजतांना घडविलेलीं निरनिराळीं प्रतिद्रव्यें त्यांत उतरलेलीं असतात. तीं शरीरांत गेल्यावर तीन आठवड्यांत अर्धीं उरतात. म्हणून बाटली संपत आली कीं परिचारिका रोग्याच्या कागदावर पुढच्या महिन्याची तारीख लिहून देते.